इंची की मेट्रिक? मोटारीतल्या नट-बोल्टांचा इतिहास

मोटारगाडीतल्या बोल्टाला दोन बाजूंनी जुळून यावे लागते. त्याचे आटे समोरच्या नटाशी किंवा भोकाशी जुळले पाहिजेत आणि त्याचे षट्कोनी डोके पान्याशी जुळले पाहिजे. आट्यांत पुन्हा तीन मापे असतात: बोल्टाचा व्यास, दोन आट्यांमधले अंतर म्हणजे पिच, आणि आट्याच्या दोन उतारांमधला कोन. इंची पद्धतीत व्यास इंचाच्या अपूर्णांकात सांगतात आणि आटे ‘इंचाला इतके’ असे मोजतात. मेट्रिक पद्धतीत व्यास आणि पिच दोन्ही मिलिमीटरमध्ये असतात. जगातल्या गाड्या जवळजवळ शंभर वर्षे या दोन पद्धतींत, आणि त्यांच्या अनेक पोटपद्धतींत, विभागलेल्या होत्या. कोणत्या गाडीला कोणता आटा मिळाला हे त्या आट्याच्या गुणदोषांवर क्वचितच ठरले. गाडीचे सुटे भाग ज्या यंत्रांवर कापले गेले त्या यंत्रांनी ते ठरवले, आणि ती यंत्रे झिजून बदलेपर्यंत कायदे, करार आणि समित्यांचे ठराव यांना बहुतेक वेळा वाट पाहावी लागली.

या कथेची सुरुवात मोटारीच्या कितीतरी आधी होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसत नसे आणि दुरुस्तीसाठी मूळ कारखान्याकडेच जावे लागे. जोसेफ व्हिटवर्थ हा हेन्री मॉड्स्ले या थोर यंत्रकाराच्या हाताखाली तयार झालेला कारागीर. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एकसारख्या आट्यांची योजना मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ दोन्ही गोलसर, आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरलेली आट्यांची संख्या, असा तिचा आराखडा होता. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि ब्रिटिश यंत्रे जिथे जिथे गेली तिथे व्हिटवर्थचा आटाही गेला. पाव इंची बोल्टाला इंचात २० आटे, अर्ध्या इंचाच्या बोल्टाला १२, ही त्याची मापे भारतातल्या रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या कार्यशाळांतही पिढ्यान्‌पिढ्या चालली.

अमेरिकेने मात्र वेगळा रस्ता धरला. फिलाडेल्फियातला यंत्रनिर्माता विल्यम सेलर्स याने एप्रिल १८६४ मध्ये तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आपला आटा मांडला. ५५ अंशांचा कोन मोजायला अवघड आणि गोलसर माथा-तळ कापायला खास हत्यारे लागतात, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. त्याने ६० अंशांचा कोन घेतला, कारण समभुज त्रिकोणाचा कोन कोणत्याही कार्यशाळेत सहज आखता आणि तपासता येतो. माथा आणि तळ त्याने सपाट ठेवले, म्हणजे साधा कारागीर एका लेथवर एका हत्याराने तो आटा पाडू शकेल. अमेरिकी नौदलाने आणि मोठ्या रेल्वे कंपन्यांनी तो स्वीकारला. इंग्लंड आणि अमेरिका दोघेही इंचच वापरत होते, तरी पाच अंशांच्या फरकाने त्यांचे नट-बोल्ट एकमेकांना परके झाले. पाव इंची, पाच-सोळांश इंची आणि तीन-अष्टमांश इंची बोल्टांत दोन्हीकडे इंचामागे आट्यांची संख्या तीच होती, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढतही असे. तो बसला असे वाटे, पण आट्यांचे उतार एकमेकांना पूर्ण टेकत नसत.

युरोपखंडात मेट्रिक मापे असूनही मेट्रिक आटा एक नव्हता. फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या निरनिराळ्या पद्धती होत्या, आणि जर्मन कारखान्यांत व्हिटवर्थचे आटेही सर्रास वापरले जात. १८९८ मध्ये झुरिक इथे भरलेल्या परिषदेत ६० अंशांचा, मिलिमीटरमध्ये मोजलेला एक आंतरराष्ट्रीय आटा ठरला. आज जगभर चालणाऱ्या मेट्रिक आट्याचा तो पूर्वज. सेलर्सचा कोन आणि फ्रेंच मापे यांचा त्यात मेळ होता. म्हणजे पुढे ज्या दोन पद्धती एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या त्यांचा कोन एकच होता.

नेमक्या याच सुमारास मोटारगाडी आली आणि तिने जुन्या आट्यांची एक उणीव उघडी पाडली. व्हिटवर्थचे आणि सेलर्सचे आटे वाफेच्या इंजिनांसाठी आणि ओतीव लोखंडासाठी ठीक होते. ते जाड होते. गाडीच्या सततच्या थरथरीत जाड आट्यांचे नट सैल होत. आटे बारीक असले की उतार मंद होतो, नट सहज मागे फिरत नाही, आणि बोल्टाचा गाभाही जाड राहतो. अमेरिकेत परवानाधारक मोटार कारखानदारांच्या संघटनेने १९०६ मध्ये बारीक आट्यांचे मानक काढले. तेच पुढे मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचे, म्हणजे एसएईचे आटे म्हणून ओळखले गेले. ब्रिटनने १९०८ मध्ये व्हिटवर्थचाच ५५ अंशांचा कोन ठेवून ‘ब्रिटिश स्टँडर्ड फाइन’ म्हणजे बीएसएफ ही बारीक मालिका काढली. विजेच्या आणि कार्ब्युरेटरच्या बारीक स्क्रूंसाठी बीए ही तिसरीच पद्धत होती. तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा आणि मूळ मापे मिलिमीटरची, कारण ती स्विस घड्याळजींच्या आट्यांवरून घेतलेली होती. सायकलींसाठी इंचाला २६ आट्यांची चौथी पद्धत होती आणि मोटारसायकलींनी तीही उचलली.

पान्यांचा गोंधळ याहून वेगळा. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टाचा व्यास लिहिलेला असतो, डोक्याची रुंदी नव्हे. बीएसएफचे डोके एक माप लहान असल्याने एकाच पान्यावर दोन आकडे कोरलेले दिसतात: पाव इंच व्हिटवर्थ आणि पाच-सोळांश बीएसएफ. अमेरिकी पान्यावर मात्र डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर लिहिलेले असते. म्हणून ‘अर्ध्या इंचाचा पाना’ या शब्दांना ब्रिटिश आणि अमेरिकी कारागिरांच्या हातात दोन निरनिराळे अर्थ होते.

यंत्रे आट्यांवर कशी राज्य करतात याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या मॉरिस गाड्यांत सापडते. हॉचकिस ही फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने मशिनगन बनवण्यासाठी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत कारखाना काढला आणि त्यासाठी आपली यंत्रसामग्री आणली. युद्ध संपल्यावर कारखान्याला काम हवे होते आणि विल्यम मॉरिसला इंजिने हवी होती, कारण अमेरिकेहून येणाऱ्या इंजिनांचा पुरवठा संपला होता. हॉचकिसने मॉरिससाठी इंजिने बनवायला घेतली आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. तिथली यंत्रे मिलिमीटरवर चालणारी होती. ती सगळी बदलणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून ऑक्सफर्डच्या अस्सल इंग्रजी गाडीच्या इंजिनात फ्रेंच मेट्रिक आटे आले. पण ती गाडी दुरुस्त करणाऱ्या इंग्रज मेकॅनिककडे मेट्रिक पाने कुठून असणार? त्यावर तोडगा असा निघाला की आटे मेट्रिक ठेवायचे आणि बोल्टाचे डोके मात्र व्हिटवर्थच्या मापाचे करायचे. हे बोल्ट दुसऱ्या कोणत्याही दुकानात मिळत नसत. आठ मिलिमीटर व्यासाला एक मिलिमीटर पिच, आणि त्यावर इंची डोके! ही पद्धत तीस वर्षांहून अधिक टिकली. मॉरिसच्याच समूहातल्या एमजीच्या ‘टी’ मालिकेतल्या लोकप्रिय स्पोर्ट्‌स गाड्यांचे इंजिन १९५५ पर्यंत याच आट्यांचे होते. जुन्या एमजी सांभाळणाऱ्यांना आजही बोल्ट खास बनवून घ्यावे लागतात. या तडजोडीत एक विलक्षण समज आहे. कारखान्याने आपली यंत्रे वाचवली आणि पाना धरणाऱ्या माणसाचीही सोय पाहिली. मधली गैरसोय फक्त सुट्या भागांच्या दुकानावर पडली.

दुसऱ्या महायुद्धाने हा विस्कळीतपणा जीवघेणा केला. अमेरिकेतल्या पॅकार्ड मोटार कंपनीने १९४० मध्ये रोल्स-रॉइसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन बनवायचे कंत्राट घेतले, तेव्हा त्यातले सगळे आटे ब्रिटिश होते: व्हिटवर्थ, बीएसएफ आणि बीए. अमेरिकेत ते पाडायचे टॅप आणि डाय मिळेनात. पॅकार्डने आटे बदलले असते तर ब्रिटनमधल्या दुरुस्ती तळांवर अमेरिकी मर्लिनचे भाग निरुपयोगी ठरले असते. म्हणून कंपनीने ब्रिटिश आट्यांची हत्यारे स्वतः बनवून घेतली. रणभूमीवर एकाच आघाडीवर उभ्या असलेल्या ब्रिटिश आणि अमेरिकी ट्रकांना नट-बोल्टांचे दोन वेगळे साठे लागत होते. १९४३ मध्ये न्यूयॉर्क, १९४४ मध्ये लंडन आणि १९४५ मध्ये ओटावा इथे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांच्या तज्ज्ञांच्या बैठका झाल्या. शेवटी १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये तिन्ही देशांनी ‘युनिफाइड’ आट्यांचा करार केला. कोन अमेरिकी, ६० अंशांचा. जाड आट्यांना यूएनसी आणि बारीक आट्यांना यूएनएफ ही नावे. ब्रिटनने व्हिटवर्थचा शंभर वर्षांचा वारसा इथे कागदावर सोडला.

कागदावरच, कारण गाड्यांनी तो एकदम सोडला नाही. १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश गाडीच्या एखाद्या जुन्या भागात बीएसएफ, नव्याने रचलेल्या भागात यूएनएफ आणि कार्ब्युरेटर व विजेच्या जोडण्यांत बीए असे मिश्रण सर्रास असे. युनिफाइड बोल्ट ओळखता यावा म्हणून त्याच्या डोक्यावर एकमेकांना जोडलेली वर्तुळे उमटवत. ऑस्टिनच्या ‘ए’ मालिकेचे इंजिन यूएनएफ आट्यांचे होते. तेच इंजिन पुढे मिनीत गेले, आणि मिनी २००० मध्ये बंद होईपर्यंत तिच्या इंजिनाचा मुख्य भाग इंचीच राहिला. ब्रिटिश सरकारने मेट्रिक पद्धतीकडे जाण्याचे धोरण १९६५ मध्ये जाहीर केले होते. त्या घोषणेनंतर मिनीला इंची राहायला आणखी पस्तीस वर्षे मिळाली. रोव्हरच्या व्ही-८ इंजिनाचीही तीच गोष्ट. ते अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीकडून घेतलेले इंजिन होते आणि त्याबरोबर अमेरिकी आटेही लँड रोव्हरमध्ये आले. भोवतीची गाडी मेट्रिक होत गेली तरी इंजिन आपल्या जन्माचे आटे घेऊनच राहिले.

दरम्यान मेट्रिक बाजू एकवटली होती. १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटना म्हणजे आयएसओ स्थापन झाली, तेव्हा तिने आपल्या तांत्रिक समित्यांना क्रमांक दिले. त्यातली समिती क्रमांक १ स्क्रूच्या आट्यांची आहे. याच समितीने आजच्या ‘एम’ मालिकेला आकार दिला. १ जुलै १९५९ पासून इंग्रजी भाषक देशांनी एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असे मानले, त्यामुळे दोन पद्धतींमधला हिशेब तरी बिनचूक झाला.

अमेरिकेत मेट्रिक आटा आला तो कायद्याच्या आधी, आणि युरोपच्या वाटेने. फोर्डच्या १९७१ सालच्या पिंटो या छोट्या गाडीत सुरुवातीला दोन आयात इंजिने मिळत: ब्रिटनहून आलेले इंची आणि जर्मनीहून आलेले मेट्रिक. मग फोर्डने ओहायो राज्यातल्या लायमा इथे २.३ लिटरचे नवे इंजिन बनवायला सुरुवात केली. ते १९७४ च्या पिंटोत आले. अमेरिकेत बनलेले मेट्रिक मापांचे ते पहिले मोटार इंजिन मानले जाते. जनरल मोटर्सने १९७३ मध्ये नव्या रचना मेट्रिक करायचे ठरवले आणि १९७६ सालची शेव्हरोले शेव्हेट ही त्यातली पहिली गाडी निघाली. तिचा सांगाडा कंपनीच्या जगभरच्या शाखांनी मिळून वापरलेला होता, त्यामुळे तिला इंचात आणणेच खर्चाचे झाले असते. अमेरिकी संसदेचा मेट्रिक कायदा आला तो डिसेंबर १९७५ मध्ये. तो ऐच्छिक होता आणि त्यासाठी नेमलेले मंडळ १९८२ मध्ये गुंडाळलेही गेले. सामान्य अमेरिकी माणूस आजही मैल आणि पौंड वापरतो. पण डेट्रॉइटच्या गाड्या मेट्रिक झाल्या, कारण एकच इंजिन तीन खंडांत विकायचे तर दोन प्रकारच्या बोल्टांचे साठे ठेवणे परवडत नव्हते. जुन्या इंजिनांना मात्र कोणी हात लावला नाही. शेव्हरोलेचे १९५५ मध्ये जन्मलेले छोटे व्ही-८ इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंची बोल्टांनीच बांधले गेले. म्हणून १९८० च्या दशकातल्या अमेरिकी गाडीखाली शिरलेल्या मेकॅनिकला दोन्ही पेट्या जवळ ठेवाव्या लागत. १९९७ मध्ये आलेले त्या इंजिनाचे वारस कोऱ्या कागदावरून रचलेले होते. ते मेट्रिक निघाले.

भारताचा अनुभव या सगळ्याहून गुंतागुंतीचा आहे, कारण इथे गाड्या परदेशी परवान्यांवर बनल्या आणि प्रत्येक परवान्याबरोबर त्या देशाचा आटा आला. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत असे, तेव्हा अमेरिकी इंची आटे मुंबईच्या गॅरेजना ओळखीचे होते. ब्रिटिश गाड्यांमुळे व्हिटवर्थ आणि बीएसएफही. स्वातंत्र्यानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने परवानगी नाकारली आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. उरलेल्या देशी कारखान्यांनी निरनिराळे भागीदार निवडले. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबॅसडर बनवली आणि तिच्यात यूएनएफ आटे आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात एका बाजूला डॉज ट्रक आणि दुसऱ्या बाजूला फियाट बनवली. त्यामुळे एकाच आवारात अमेरिकी इंच आणि इटालियन मिलिमीटर एकत्र नांदत होते. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला. तिचे ट्रक मेट्रिक. पुण्याजवळ आकुर्डीत बनलेली बजाजची स्कूटर इटालियन व्हेस्पावरून आलेली, तीही मेट्रिक. महिंद्रची जीप अमेरिकी विलीजची, म्हणून इंची. मद्रासला बनणाऱ्या बुलेट मोटारसायकलीत इंग्लंडच्या रेडिचमधून आलेले ब्रिटिश आटे होते, आणि म्हैसूरला बनणाऱ्या जावात चेक मेट्रिक आटे.

याच काळात देशाने वजन-मापांचा मेट्रिक कायदा केला. १९५६ चा कायदा, १९५७ पासून नवे पैसे, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर. वाण्याच्या दुकानातला शेर काही वर्षांत गेला, पण अँबॅसडरच्या बोल्टाला कायद्याचा स्पर्श झाला नाही. कारण तराजू बदलायला नवी वजने पुरतात, आटे बदलायला टॅप, डाय, गेज, ड्रॉइंग आणि साच्यांची सगळी साखळी बदलावी लागते. बदल झाला तो पुन्हा नव्या इंजिनाबरोबरच. महिंद्रने १९८० च्या सुमारास जीपमध्ये फ्रेंच पेझोचे डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली, तेव्हा विलीजच्या इंची सांगाड्यात मेट्रिक इंजिन आले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अँबॅसडरला जपानी इसुझूचे इंजिन मिळाले, तेव्हा तिचेही तेच झाले. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० ही सुरुवातीपासून पूर्ण मेट्रिक होती आणि तिच्या प्रचंड खपामुळे नव्याने शिकणाऱ्या मेकॅनिकांची पिढी मिलिमीटरवरच वाढली.

गॅरेजमधल्या बोलीत दोन्ही पद्धती मिसळून गेल्या. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणायचे, म्हणून ‘चार सुताचा बोल्ट’ म्हणजे अर्ध्या इंचाचा; आणि मेट्रिक पाने ‘बारा-तेरा’, ‘सोळा-सतरा’ अशा दोन तोंडांच्या जोड्यांनी ओळखायचे. मेट्रिकमध्येही एकवाक्यता नव्हती. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके जर्मन गाडीत १७ मिलिमीटरचे, नव्या आयएसओ मानकात १६ चे आणि जपानी गाडीत १४ चे. मारुतीचा कारागीर म्हणूनच बारा आणि चौदाचा पाना सतत हाताशी ठेवतो, तर जुन्या टाटा ट्रकचा कारागीर तेरा आणि सतराचा.

दोन पद्धती शेजारी असण्याचा खरा धोका अजिबात न बसणाऱ्या बोल्टाचा नसतो. तो बसल्यासारखा वाटणाऱ्या बोल्टाचा असतो. पान्यांच्या बाबतीत हा जवळपणा फारसा बाधक नाही: तीन-चतुर्थांश इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेव्हा १९ चा पाना त्यावर चालून जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७, त्यावर १३ चा पाना ढिला बसतो आणि जोर लावला की डोक्याचे कोपरे गोल होतात. आट्यांत मात्र असा जवळपणा घातक आहे. पाच-सोळांश इंची जाड आट्याचा बोल्ट आठ मिलिमीटरच्या नटात एक-दोन फेरे जाऊन अडतो. तिथे निदान सूचना मिळते. पण चाकाचा ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा स्टड घेतला तर त्याचा व्यास ११.११ मिलिमीटर आणि पिच १.२७ भरते. त्यावर बारा मिलिमीटर व्यासाचा, १.२५ पिचचा मेट्रिक नट सहज फिरत जातो. आट्यांची पकड तेव्हा पूर्ण खोलीच्या जेमतेम एक-तृतीयांश उरते, आणि ती चाकाचा भार पेलणारी नसते. ब्रेकच्या नळ्यांचेही तसेच. तीन-अष्टमांश इंची यूएनएफ नट दहा मिलिमीटरच्या बारीक आट्यांच्या भोकात शिरतो आणि घट्ट झाल्याचा भासही देतो, पण पेडलवर पाय दाबला की तेलाच्या दाबाने आटे सोलून बाहेर येऊ शकतो. म्हणून संक्रमणकाळातल्या गाडीचा ब्रेक हाताळताना जुना नट नव्याशी डोळ्यांनी ताडून न पाहता पिच-गेज लावूनच खात्री करतात. बोल्टाच्या डोक्यावरच्या खुणाही उपयोगी पडतात. अमेरिकी बोल्टावर मजबुतीच्या त्रिज्यारेषा असतात, तीन असल्या तर ग्रेड पाच, सहा असल्या तर ग्रेड आठ. मेट्रिक बोल्टावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. पहिला आकडा शंभरने गुणला की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते, आणि दशांश चिन्हानंतरचा आकडा त्या ताकदीच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणू लागतो ते सांगतो.

आज जवळपास सगळ्या नव्या गाड्या मेट्रिक आहेत, तरी दोन्ही पद्धतींचे अवशेष त्यांच्यात शिल्लक आहेत आणि ते ज्या जागी आहेत त्याला कारण आहे. स्पार्क प्लगचा आटा इंची अमेरिकेतसुद्धा फार पूर्वीपासून १४ किंवा १८ मिलिमीटरचा आहे. याउलट मेट्रिक सॉकेट ज्या रॅचेटवर बसते त्याचा चौकोनी दांडा जगभर पाव, तीन-अष्टमांश किंवा अर्ध्या इंचाचा असतो. चाकाची रिम सर्वत्र इंचात मोजतात. मिशेलिनने १९७० च्या दशकात मिलिमीटरच्या रिमचे टायर काढून पाहिले, पण टायर आणि रिम बनवणाऱ्या असंख्य कारखान्यांनी त्यांच्यामागे आपली यंत्रे बदलली नाहीत आणि ते मागे पडले. सीट-बेल्टच्या खुंट्यांचे बोल्ट तर कित्येक पूर्ण मेट्रिक जपानी आणि युरोपीय गाड्यांतही ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचे यूएनएफ असतात. सीट-बेल्टचे पहिले व्यापक नियम अमेरिकेत झाले तेव्हा त्यांत हे माप नोंदले गेले. जगभरच्या कारखान्यांनी ते तसेच घेतले, आणि त्या एका बोल्टासाठी इंची टॅप आजही मेट्रिक उत्पादन ओळींवर ठेवलेले असतात.